नऊशे एकेचाळीसचा हिशेब

श्रावण गेला, हे मला स्टाफरूमच्या नोटीस बोर्डावरून कळलं. पंधरा वर्षांची दोस्ती, आणि बातमी शोकसभेच्या कागदावर, टाचणीने टोचलेली... दुसरं कोण सांगणार म्हणा. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

तो आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा, मी पदार्थविज्ञान. छप्पन साली त्याच्या बापाने दीक्षा घेतली, घरातले देव काढले. मोठ्यांनी सांगितलं म्हणून काही खरं मानायचं नाही, हे तेव्हा पोराच्या डोक्यात बसलं ते बसलंच. आपल्याला कळलं, हे तरी कसं कळतं, असलं काहीबाही तो डबा खाताना काढायचा. एकदा मी म्हटलं, "लेका, तुमचं नुसतं बोलणं. आमच्याकडे प्रयोग असतो."

"मग दाखव ना गा."

नेलं प्रयोगशाळेत. दोऱ्याला पितळी गोळा टांगायचा, झोके मोजायचे, त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. पुस्तकात ९८०. श्रावणने मे महिन्यात घाम पुसत तासभर मोजलं आणि ९४१ काढले. मी सवयीने म्हटलं, "९८० लिहून टाक." आमच्याकडे सगळे तेच करायचे, आधी उत्तर मांडायचं, मग उलटं येत झोक्यांच्या वेळा भरायच्या.

"मले ९४१ आले, तर ९८० काहून लिहू?"

"पुस्तकात आहे म्हणून."

"मग पोथीत अन् तुह्या पुस्तकात फरक काय राहिला?"

दोन डेमॉन्स्ट्रेटर ऐकत होते. मला झोंबलं. म्हणालो, "विज्ञान तुझ्या आवाक्यातलं नाही." हे वाक्य त्याला आधी कोणीकोणी ऐकवलं असेल, ते मला घरी पोचल्यावर उमगलं. माफी मागायला उद्या जाऊ, उद्या जाऊ, करत राहिलो.

शोकसभेनंतर एकटाच प्रयोगशाळेत गेलो आणि तोच गोळा पुन्हा टांगला. पाच मिनिटांत सापडलं. त्याने दोरा गोळ्यावरच्या हुकापर्यंतच मोजला होता. मोजायला हवा गोळ्याच्या मध्यापर्यंत. हुकापर्यंत मोजला की ९४१च येतात. शोधण्यासारखी चूक होती, आणि मी ती झाकायला निघालो होतो. आता ती सांगायला माणूस नव्हता. खोटं कशाला बोलू, इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

सायकल काढून शहराबाहेर वाडीला गेलो, गोदामांमागच्या त्याच्या घरी. चूक सापडल्याचं वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते म्हणत, चूक माहीच असन, पण तो शोधून देईन. लय दिवस वाट पाहिली जी तुमची."

मी कागद मागितला. दोरा, हुक, गोळा काढून दाखवला.

"कळलं?"

"नाही. पण सांगा तुम्ही. या घरात असं कोणी बोललं नाही, ते गेल्यापासून."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.