लेकीच्या मॅडम

"बराबर आलं. पण कामून आलं?"

उत्तर चुकलं तर मॅडम काहीच म्हणायच्या नाहीत. बरोबर आलं की मात्र पेन्सिल कानावर खोचून हे 'का' विचारायच्या. अंदाजाने जमलेलं उत्तर त्यांना चुकीपेक्षा जास्त खटकायचं.

त्या बदनापूरला शेतकी संशोधन केंद्रात नोकरीला होत्या. मूळच्या धावडा गावच्या, एकट्या, आमच्या गल्लीच्या टोकाला भाड्याने राहायच्या. माझी लेक सायली मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत थोडक्यात राहिली होती. शहरातल्या क्लासच्या गर्दीत तिला कोणी नावाने ओळखतही नव्हतं. म्हणून मीच त्यांच्या दारात गेले.

"शिकवणी न्हाई घेत मी," त्या म्हणाल्या. "पण रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसत जाईन."

म्हणजे माणूस शोधलं मीच. पुढचं आठवताना मला याचाच जास्त राग येतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सायलीच्या हातात पहिली पाटी मी दिली. आणि आता घरात "मॅडम म्हणल्या" याशिवाय घास उतरेना. मॅडम बिनसाखरेचा चहा पितात, म्हणून हिचीही साखर बंद. माझ्या हातची वेणी नको, मॅडमसारखा अंबाडा हवा. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टी! तुमच्या लेकीने दुसऱ्या बाईसारखा अंबाडा घातलेला बघा, मग बोला.

एका संध्याकाळी मी थालीपीठं घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून सायलीचा आवाज आला, "मागच्या टायमाला पेपरात माझे हात थरथरून राह्यले होते, मॅडम. पेन धरता येईना. घरी न्हाई सांगितलं मी."

मी डबा उंबऱ्यावर ठेवून परत फिरले. माझ्याच शेजारी झोपणाऱ्या लेकीचं हे मला दाराआडून कळावं!

दुसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं, "आजपासून तिकडं जायचं न्हाई." सायली रडली नाही, भांडली नाही. पुस्तकं आवरून कपाटात ठेवली. संध्याकाळी मॅडमच आल्या, माझा डबा धुऊन घेऊन.

"ताई, राग माझ्यावर हाय ना? मंग तिची परीक्षा कामून बुडवता?"

"सगळं तुम्हालाच सांगती ती."

"मला सांगितलं तर मी जेवून झोपते. तुम्हाला सांगितलं तर तुमची झोप जाती. तिला ते बराबर माहीत हाय."

पटलं मला. पण पटल्याने मत्सर जातो असं कोण म्हणतं? सायली पुन्हा जाऊ लागली आणि मी पुन्हा जळू लागले.

निकाल चांगला लागला. सरकारी कॉलेज मिळेल एवढे मार्क पडले. मोबाइलवर आकडा दिसताच सायली अनवाणीच गल्लीच्या टोकाला पळाली. लेकीच्या निकालाचा पेढा मला मिळाला तो मॅडमच्या हातून.

लगेचच त्यांची बदली झाली. स्टेशनवर आम्ही दोघी गेलो. गाडी हलली तरी त्या खिडकीतून सायलीला काही सांगत होत्या. भोंग्यात काही कळलं नाही. शेवटचा डबा पुढे सरकला आणि सायली माझ्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागली.

किती तरी दिवसांनी ती अशी जवळ आली होती. रडत होती त्या बाईसाठी. तरी मी तिला लवकर गप्प केलं नाही.