पेटीसाठी ठेवलेली वर्दी

"मला पेटीत घालाल तेव्हा हीच घाला," मामा म्हणायचा. आमच्या वसईत ख्रिस्ती माणसाला मातीला नेताना लग्नातला सूट घालतात. मामाला खाकी हवी होती. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने एक जोड इस्त्री करून, डांबराच्या गोळ्या टाकून ट्रंकेत ठेवला होता. जन्मभर कोर्टात आरोपी आणले-नेले, साहेबांसाठी दारं उघडली. त्याची शिल्लक ती एवढीच.

त्या सुमारास टीव्हीवर पोलिसांच्या मालिकांना ऊत आला होता. इन्स्पेक्टर काळा चष्मा काढतो, कॅमेरा तीनदा त्याच्या तोंडाशी जातो, एका थपडेत चोर सगळं ओकतो. आणि हवालदार? तो मागे उभा राहून "येस सर" म्हणतो. चुलतभावाने कुवेतहून व्हिडिओ कॅमेरा आणला आणि आम्हाला चेव चढला. त्याच्या बहिणीच्या लग्नात दाखवायला बॅन्डच्या चालीवर एक गाणं करायचं, या मालिकांची पुरती टर उडवणारं. हवालदार मी. वर्दी मामाची.

"पोलिसांच्या इमानदारीवर आहे," मी मामाला बिनदिक्कत थाप मारली.

"मग माझीच ने!" त्याने पट्ट्याचं बक्कल स्वतः घासून दिलं. "मळवू नकोस हं, बाबा. मला पुन्हा एकदाच लागणार आहे."

पोटावर उशी बांधली. इन्स्पेक्टर झालेल्या भावाने चष्मा काढला की बॅन्ड वाजायचा, मी नसलेलं दार उघडायचो नि तोंडावर आपटायचो. चोर केळीच्या वाडीत पळाला, मी मागे. मामाचा डावा पाय जरा फरफटायचा. ती लकब मी अशी उचलली की कॅमेरावाला हसून हसून खाली बसला. धावताना केळीचा चीक वर्दीवर सांडला. केळीवर जगलेली घरं आमची, चिकाचा डाग काही केल्या जात नाही हे शेंबडं पोरही जाणतं. पण भान कुणाला होतं!

लग्नाच्या मांडवात टीव्ही लावला. मामा पहिल्या रांगेत, गुळगुळीत दाढी करून. वर्दी दिसली तसा शेजाऱ्याला सांगू लागला, "माझी, माझी!" मग तो पाय आला. अख्खा मांडव खदखदला. मामाही हसला, थोडा वेळ. नंतर गुडघ्यावर हात ठेवून खाली बघत बसला. खोटं कशाला सांगू, मला फार मजा वाटली.

पुढे तो बाजारात निघाला की लोक तोंडाने बॅन्ड वाजवायचे. त्याने बाजारच सोडला. दोन वर्षांत गेला.

मामीने ट्रंक उघडली. लिंबू चोळचोळूनही शर्टावर काळे डाग तसेच होते. "असू देत डाग," ती म्हणाली, "त्याच्या मनात होतं." शर्ट चढवला. पँट घालायला दोघांनी मामाचा डावा पाय उचलला, आणि खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

मीच.

 मामीने शर्टाची बटणं एकेक करून पुन्हा सोडली आणि कपाटातला त्याच्या लग्नातला सूट मागवला. लग्न झाल्यापासून मामा अंगाने सुटला होता, कोट पाठीवर उसवावा लागला.

मातीहून परतल्यावर तिने वर्दी घडी करून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "घे. अजून हसायचं राहिलं असेल तुझं."