आंबील शिंपली तिथवर

कुणी वाकडं बोललं, की मावशी पदराच्या टोकाला गाठ मारायच्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. समोरच्याच्या डोळ्यांदेखत पदर हातात घ्यायचा, टोकाला करकचून गाठ द्यायची आणि म्हणायचं, "ऱ्हाऊ द्या. माझ्या ध्यानात ऱ्हाईल." माणूस शहाणा असला तर तिथल्या तिथे माफी मागून मोकळा व्हायचा.

क्षमाशील माणसांबद्दल आपण नेहमी ऐकतो. तुमच्या बघण्यात आली असतील, माझ्या फारशी नाहीत. जी आली त्यांच्याशी माझं जमलं नाही. मावशींशी मात्र पहिल्या दिवसापासून जमलं.

लातूरला आमच्या घराला लागूनच त्यांची खानावळ होती. क्लासेसची पोरं जेवायला यायची, ती मावशी म्हणायची, म्हणून सगळी गल्ली मावशी म्हणायची. मी शाळेत शिकवते, म्हणून त्या मला 'बाई' म्हणत. नवरा तरुणपणी गेला, मूलबाळ नाही. स्वयंपाकाला दोन बायका, तिखटाचे डबे आणि दाराशी चपलांचा ढीग, असा त्यांचा संसार होता.

शिक्षा द्यायची त्यांची खास रीत होती. ज्याच्यावर राग असेल त्यालाही त्या पोटभर वाढत. फक्त एक करत, त्याला "आणखी वाढू का?" असं विचारत नसत. बाकीच्या पंगतीला आग्रह चाललेला असायचा आणि तो एकटा रिकाम्या ताटाकडे बघत बसायचा. मागितलं तर मिळायचं, पण विचारणार कुणी नाही. एकदा शेजारच्या किराणावाल्याने दारातल्या लिंबाची फांदी न विचारता तोडली. तो बिचारा महिनाभर असा जेवला आणि शेवटी लिंबाचं नवं रोप घेऊन आला. मावशींनी रोप लावून घेतलं आणि मग म्हणाल्या, "बसा. आणखी वाढू का?"

पण त्यांच्या पदराला एक गाठ अशी होती, जी कधीच सुटली नाही. लुगडं बदललं की नव्या लुगड्याच्या पदराला ती पहिल्यांदा बसायची. तिची गोष्ट त्यांनी मला कणीक मळता मळता सांगितली.

त्यांचं माहेर मुखेडच्या पुढे, एसटीने उतरून थोडं चालायचं. गावातून एक वाट माळावर जाते. माळावर दगडातून पाणी झिरपतं, उन्हाळ्यातही तिथे शेळ्यांची तहान भागते. बाया सरपणाला, सीताफळांना जायच्या, गुराखी दिवस काढायचे. मावशींची आई तर रोज तिथेच. दोन शेळ्या आणि हातात शेवरीची काठी घेऊन म्हातारी वर जायची आणि झऱ्याजवळच्या एका दगडावर बसायची. लेक लातूरला बोलवायची, तर म्हणायची, "तिथं तुमच्याकडं बसाया जागा न्हाई."

त्या वाटेला लागून गावातल्या एका गुत्तेदाराचं वावर. रस्त्यांची कामं घेऊन तो मोठा झाला होता. माळाच्या पलीकडच्या अंगाला त्याला मुरूम उकरायचा होता आणि कुणाची नजर नको होती. त्याने वावराचं कुंपण सरकवलं आणि वाटच आत घेतली. गावाकडच्या तोंडाला लोखंडी फाटक, माळाकडच्या तोंडाला काटेरी तार. तारेपर्यंत आमचंच, असं सांगायला लागला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी शेळ्या घेऊन फाटकाशी गेली. गुत्तेदार स्वतः उभा होता. "वाट काय तुज्या बापाची हाय का गं म्हातारे?" असं त्याने विचारलं. चार माणसं हसली. म्हातारी परत फिरली, शेळ्या विकल्या आणि उंबऱ्यावर माळाकडे तोंड करून बसायला लागली. पुढच्या पाडव्याला ती गेली.

"वाट मी उघडून घेईन," मावशी मला म्हणाल्या. "त्याच्याच हातानं. दुसऱ्या कुणी उघडून दिली तर मला नको." आणि कणीक अशी दाबली, की परातच सरकली.

मग त्या लढायला लागल्या. दर रविवारी खानावळीला सुट्टी, मावशी एसटीत. गावातल्या बाया गोळा केल्या. नांदेडहून काही मंडळी यायला लागली. त्यात एक दातांचे डॉक्टर, एक निवृत्त रेल्वेवाले आणि कॉलेजातल्या दोन प्राध्यापिका होत्या. ही माणसं सुट्टीच्या दिवशी नदीकाठाने, डोंगरमाळाने पायी हिंडायची आणि जिथे जुनी वाट अडवलेली दिसेल तिथे गावकऱ्यांच्या बाजूने उभी राहायची. मावशींना त्यांचं फार नवल. "घरी पंखे असून उन्हात हिंडायलेत," म्हणायच्या आणि त्यांच्यासाठी धपाट्यांचं गाठोडं बांधायच्या. त्यांनी निवेदनं लिहिली, फोटो काढले, तालुक्याला धरणं धरलं. मीही जायची. उन्हात सतरंजीवर बसून मी पेपर तपासलेत.

सुनावणीला तारखा पडत. गुत्तेदाराचा वकील दर वेळी मुदत मागायचा. एकदा गुत्तेदाराने तहसीलदार साहेबांसमोर छातीवर हात ठेवून सांगितलं, "इथं वाट कधी नव्हतीच. शेळ्या जायच्या असतील इकडून तिकडून." मावशींनी पदराची गाठ दाताने ओढून आणखी घट्ट केली. डॉक्टरांचा धीर सुटत चालला होता. मावशी त्यांना म्हणाल्या, "डाक्टर, येळवस येऊ द्या."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. ती आमच्याकडे कशी होते, हे तुमच्यापैकी लातूरबाहेरच्यांना सांगायला हवं. त्या दिवशी शहरं ओस पडतात. सगळे शेतात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायची, आत पाच दगड मांडून त्यांची पूजा करायची, मग शेंगाभाज्यांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यातली ताक-ज्वारीची आंबील. त्या दिवशी शेतात आलेल्या माणसाला, मग तो वैरी का असेना, न जेवता पाठवत नाहीत. आणि जेवणाआधी घरातला जाणता माणूस आंबील घेऊन आपल्या शेताच्या कडेकडेने शिंपत फिरतो. आपल्या शेतापुरतं. हे शेवटचं नीट ध्यानात ठेवा.

गुत्तेदाराला त्या वर्षी निवडणुकीला उभं राहायचं होतं. येळवशीला त्याने मोठी पंगत ठेवली. तालुक्याचे साहेब नवीन होते, लातूरचेच, त्यांनाही आग्रहाने बोलावलं. लोकांची रीघ लागली, त्यामुळे फाटक उघडं होतं. आणि त्या उघड्या फाटकातून मावशी आत शिरल्या. मागे गावातल्या बाया, नांदेडची मंडळी आणि मी.

गुत्तेदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तुम्ही बी आलात का?" एवढंच बोलला.

"येळवशीला बोलवायची वाट बघत असत्यात का?" मावशी म्हणाल्या. "जेवाया वाढता, का परत जावं?"

साहेब कोपीजवळ बसलेले, सगळं ऐकत होते. "बसा की," गुत्तेदार म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

पूजा झाली. गुत्तेदाराचे वडील, सगळे त्यांना अण्णा म्हणत, आंबिलीचं भांडं घेऊन उठले. वाकलेला, धोतर नेसलेला, स्वच्छ म्हातारा. ज्वारीच्या पानाने आंबील शिंपत ते निघाले. पूर्वेची कड झाली, ओढ्याची झाली. मग ते माळाच्या बाजूला आले. कुंपणाची तार पुढे होती. अण्णा तिच्या बरेच अलीकडे, एका जुन्या बांधावर बोरीच्या झुडपाशी थांबले आणि वळले.

मावशींनी मोठ्याने हाक मारली, "अण्णा, तारेपस्तोर शिंपा की! तारेपस्तोर तुमचंच हाय म्हणं!"

"तिकडं कामून?" अण्णांनी तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं. "ती तर वाट हाय. धा गावच्या माणसाची वाट. तिच्यावर आंबील शिंपून पाप घेऊ का डोस्क्यावर?"

भज्जी ढवळणाऱ्या बाईचा हात थांबला. गुत्तेदार कसनुसा हसून साहेबांना म्हणाला, "अण्णाचं वय झालंय. आता काय ध्यानात ऱ्हात न्हाई."

म्हातारा भडकला. "मला ध्यानात न्हाई? तुज्या लग्नाचं वऱ्हाड ह्याच वाटंनं आलं न्हवं रे? बैल कुठं बुजले ते बी सांगू का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसण्याची लाटच आली. मावशी हसल्या नाहीत. लहानपणी शेळ्यांमागे जाताना दर येळवशीला त्यांनी अण्णांना त्याच बोरीशी वळताना पाहिलं होतं. कागदावर माणूस काहीही लिहील, पण आंबील हातात घेऊन अण्णा खोटं करणार नाहीत, एवढ्या भरवशावर त्या वर्षभर थांबल्या होत्या.

साहेब उठून बांधापाशी गेले. बोरीपासून तारेपर्यंत बघितलं. गवताखाली चाकोरी दिसत होती. "आज सुट्टी आहे," ते शांतपणे म्हणाले, "पण डोळे काही सुट्टीवर नाहीत. उद्या मोजणीला माणसं पाठवतो."

एवढ्या मतदारांपुढे आणखी शोभा नको म्हणून गुत्तेदार म्हणाला, "मोजणी कशाला साहेब, आत्ता मोकळी करतो." आणि गड्याला हाक मारली.

"गड्यानं न्हाई," मावशी पुढे झाल्या. "माझ्या मायला तुम्ही सोता अडीवलं. सोताच सोडा."

त्याने साहेबांकडे बघितलं. साहेब माळाकडे बघत होते. मग त्याने पक्कड मागवली आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, वाकून, एकेक तार तोडली. बाही फाटली, बोटाला रक्त आलं. मला ते बघून फार आनंद झाला. असा आनंद होऊ नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या म्हातारीला उंबऱ्यावर बसलेली पाहायला हवं होतं.

जेवण झाल्यावर आम्ही त्याच वाटेने वर गेलो. झऱ्याजवळचा दगड मावशींना लगेच सापडला. पंगतीतून त्यांनी एक उंडा पदरात आणला होता, तो दगडावर ठेवला. "थोडं थांबली असतीस तर काय झालं असतं गं?" त्या आईवर ओरडल्या आणि ओरडतानाच त्यांना रडू फुटलं. डॉक्टर उगाच लांबच्या झाडांकडे बघत राहिले. मी मावशींच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

उतरताना मी म्हटलं, "मावशी, आता सोडा ती गाठ."

"वाट मिळाली बाई," त्या म्हणाल्या. "माय मिळाली का?"

त्यानंतर दर येळवशीला मावशी त्याच्याच शेतात जेवायला. पहिल्या पंगतीत, मध्यभागी. वाढायचं त्यानेच. निवडणुकीत तो पडला होता, तरी येळवस चुकवता येत नव्हती. मावशी येताना अण्णांच्या पाया पडायच्या आणि गुत्तेदाराला ऐकू जाईल असं विचारायच्या, "अण्णा, तुमच्या पोटी असलं कसं निपजलं?" एका वर्षी तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मावशी, आणखी वाढू का?" त्यांनी ताट पुढे केलं आणि तो वाढतोय तोवर खाल्लं. परतीच्या एसटीत पोट धरून बसल्या होत्या, पण इतकं खूश मी त्यांना क्वचितच पाहिलंय.

जेवण झालं की मात्र न चुकता त्या वाटेने झऱ्यापर्यंत जाऊन यायच्या. गुडघे दुखत, तरी. "वाट पायानं जिती ऱ्हाती," म्हणायच्या. "ज्या साली कुणी गेलं न्हाई, त्या साली तो फाटक-तार परत लावील. त्याला मी वळखते."

गेल्या दिवाळीनंतर त्या आजारी पडल्या. दवाखान्यात मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बाई, येळवस जवळ आली. तुम्ही जायचं." मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, तर चिडल्या. "रडायचं ते मागून रडा. आधी हाव म्हणा." मी हाव म्हटलं. येळवस त्यांना दिसली नाही. अमावस्येच्या आधल्या आठवड्यात त्या गेल्या.

मी गेले. नांदेडची मंडळी आणि गावच्या बाया मागून येत होत्या, मी थोडी पुढे होते. बोरीपाशी आले आणि थबकले. वाटेच्या कडेला, जुन्या खांबाला टेकवून, काटेरी तारेचं नवंकोरं भेंडोळं ठेवलेलं होतं. अजून कागदसुद्धा काढलेला नव्हता.

गुत्तेदार समोर आला. "मावशी गेल्या म्हणं," तो म्हणाला. "लई वाईट झालं."

मी त्या भेंडोळ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. पदर हातात घेतला आणि त्याच्या डोळ्यांदेखत टोकाला गाठ मारली. गाठ करकचून बसली.

"राहू द्या," मी म्हणाले. "माझ्या ध्यानात राहील."

त्याने त्या गाठीकडे बघितलं. मग मान न वळवता गड्याला म्हणाला, "ते तारेचं उचल रे तिथून."

मागून माणसं वाटेने येत होती. मी पहिल्या पंगतीत, मध्यभागी जाऊन बसले आणि ताट पुढे केलं.

"वाढा," मी म्हणाले.