एक पाच, एक सहा

आमच्या ह्यांना माणसाचं तोंड लक्षात राहत नाही, पाय राहतात. बुटांच्या दुकानात नोकरी करता करता केस पांढरे झाले, त्यामुळे रस्त्यात कुणी हसून "काय, बरं आहे ना?" म्हटलं की हे आधी खाली बघणार, मग वर. वर बघूनही ओळख पटली नाही तर पुन्हा खाली. माझ्या सख्ख्या भावाला हे अजून "ते आठ नंबरवाले" म्हणतात. मोठ्या नणंदेचे यजमान आले की आतल्या खोलीत येऊन सांगतात, "टाच घासणारे आलेत, पाणी दे."

दुसरा गुण त्याहून भारी. न बसणारा बूट विकायचा नाही. गिऱ्हाईक बिचारं म्हणतं, "द्या हो, वापरून सैल होईल." हे म्हणणार, "तो सैल होईल तोवर तुम्ही लंगडे व्हाल. नका घेऊ." मालक गल्ल्यावर बसून कपाळाला हात लावायचे. पण तेच गिऱ्हाईक पुढच्या खेपेला बायकोमुलांना घेऊन यायचं, म्हणून मालकही चालवून घ्यायचे.

मग ती साथ आली आणि दुकानाचं शटर पडलं ते पडलंच. बूट घालून जायचं कुठे? सगळं गाव घरात अनवाणी. हे पहिले काही दिवस मजेत होते. मग त्यांनी आमच्या चपला ओळीने लावल्या. त्या संपल्यावर मजल्यावरच्या सगळ्यांच्या दाराबाहेरच्या लावल्या, चढत्या नंबराने. समोरच्या काकू दाराच्या फटीतून ओरडल्या, "अहो, साथ आहे! आमच्या चपलांना हात लावू नका!" तेव्हा कुठे थांबले.

पगार आधी अर्धा झाला. मग एक दिवस मालकांनी फोनवर रडत रडत सांगितलं की आता तोही जमायचा नाही. हे "असू द्या हो, असू द्या" म्हणत उलट त्यांचीच समजूत काढत होते. फोन ठेवल्यावर मात्र कपाटातले सगळे मोजे काढून त्यांच्या घड्या घालत बसले. मला तेव्हा ह्यांची भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

मुलगी शिकत होती, घर चालायला हवं होतं. सगळं जग बंद असलं तरी औषधं चालू होती, आणि औषधांच्या गोदामाला माणसं हवी होती. मी जन्मात घराबाहेर काम केलं नव्हतं. गेले. दिवसभर उभं राहून खोकी भरायची, चिकटपट्टी मारायची, गाडीपर्यंत ढकलायची. तिथला नियम असा, की पायात बंद बूट पाहिजेतच. आता मी बूटवाल्याची बायको, पण माझ्या पायाला कधी बूट लागला असेल तर शपथ! बाजार तर बंद. काम सोडून गेलेल्या कुणाचे तरी कापडी बूट गोदामाच्या फळीवर पडले होते, बोटभर मोठे. पुढे कागद कोंबला आणि लागले कामाला. सुटताना ते तिथेच ठेवायचे आणि चपला घालून घरी यायचं.

पुढे एकदा भरलेलं खोकं डाव्या पायावर पडलं. पाय टरारून सुजला आणि ती सूज काही पूर्ण उतरली नाही. घरी मी तो पायघोळ साडीखाली झाकून ठेवायची. घरी सांगितलं असतं तर हे म्हणाले असते, सोड ते काम. आणि सोडून खायचं काय, मोज्यांच्या घड्या?

घर ह्यांनी सांभाळलं, हे कबूल करते. भाताचं आणि ह्यांचं कधी जमलं नाही, पण माझा डबा वेळेवर तयार असायचा. झाकण असं चपखल बसवायचे की उघडायला दोन बायका लागायच्या. आत काय आहे ह्याला ह्यांच्या लेखी फारसं महत्त्व नव्हतं.

अखेर दुकान उघडलं. हे पहिल्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, भांग पाडून गेले आणि संध्याकाळी तोंड पाडून आले. "अगं, लोकांचे पाय पसरलेत!" म्हणाले. घरात मोकळे राहून राहून ज्याला त्याला मोठा नंबर लागायला लागला होता. मोठे नंबर भराभर संपले. पुरुषांचे पाच आणि सहा नंबरचे काळे चामडी बूट तेवढे उरले, खोक्यांवर खोके, पार छताला टेकलेले. साथीच्या आधी हौसेनं भरलेला माल. मालकांनी स्वच्छ सांगितलं, "हा माल महिनाअखेर गेला नाही तर दुकान मोडायचं. मोबाइलवाला जागा मागतोय."

अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? आमचे शहाणे येईल त्याला "नको, चावेल" म्हणून परत पाठवत होते! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, विका की! सैल होईल म्हणा!"

"खोटं बोलू?"

"बोला! ह्या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेणार आहे तुम्हाला?"

हे उठून दारातल्या चपला सरळ करायला लागले. माझ्या तिखट जिभेचं मलाच वाईट वाटलं, पण बोलले ते बोलले.

त्याच आठवड्यात दुकानाला सुट्टी होती आणि मी डबा विसरून गेले. हे डबा घेऊन गोदामाच्या फाटकाशी आले आणि रखवालदाराला माझं नाव सांगून थांबले. दुपारची सुट्टी झाली, आम्ही बायका बाहेर पडत होतो. ह्यांची नजर सवयीने खाली. एकेकीच्या पायातली ती ध्यानं बघून हे आधीच अस्वस्थ झाले असणार. त्यात एक बाई लंगडत आली. हे रखवालदारावरच उखडले.

"त्या बाईला ते बूट कुणी दिले? डावा पाय कसा टाकतेय बघा! तिच्या घरी कुणी माणूस आहे की नाही बघायला?"

रखवालदाराने माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. म्हणाला, "काका, ती तुमच्याच घरची."

ह्यांनी मान वर केली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण ह्यांचा चेहरा बघून ते गिळलं. ह्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि वळून गेले.

घरी आल्यावर एवढंच विचारलं, "कधीपासून?" मी सगळं सांगितलं. "मला का नाही बोललीस?" म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही तेव्हा आधीच खचला होतात." तेव्हा म्हणाले, "दुकानात ये."

मी कसली एकटी जाते! गोदामातल्या सगळ्याच बायकांच्या पायांचे हाल होते. आमच्या मुकादमीणबाईंच्या कानावर घातलं आणि सुट्टीच्या दिवशी आमची अख्खी फौज दुकानात शिरली. मालक गल्ल्यावरून उठून उभेच राहिले.

"अगंबाई, हे तर पुरुषांचे बूट!" एक जण लाजली.

"मग काम कुणाचं करतोय आपण?" मुकादमीणबाई म्हणाल्या आणि पहिला पाय त्यांनीच पुढे केला.

ह्यांचं सुरू झालं. माप घ्यायचं, बूट चढवायचा, अंगठ्याने दाबून बघायचं. पहिलीलाच म्हणाले, "हा नको, करंगळी दबतेय." मी दातओठ खात पुटपुटले, "आज तरी तोंड बंद ठेवा हो!" ठेवतील तर शपथ. पण गंमत अशी, की दिवसभर उभं राहून रुंदावलेले आमचे पाय त्या पाच-सहा नंबरांत छान बसायला लागले. दोघींना मात्र ह्यांनी हात जोडून परत पाठवलं. बाकीच्यांनी खोके काखेत मारले. मालकांनी स्वतः चहा सांगितला, म्हणजे बघा.

शेवटी माझी पाळी. हे स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "बसा बाई. पाय पुढे घ्या."

सगळ्या संसारात ह्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मला फिसकन हसू आलं. हे हसले नाहीत. माझा डावा पाय तळहातावर घेऊन बघत राहिले. उजव्याला पाच नंबर अगदी मापात बसला, पण डावा काही केल्या त्यात जाईना. सहा आणला, तर तो उजव्यातून गळून पडे. ह्यांनी चार खोके उघडले, चार मिटले.

मी म्हटलं, "सहाच द्या. पुढे कागद कोंबीन."

"कागद नाही कोंबायचा!" ह्यांचा आवाज असा फाटला की सगळ्या बायका वळून बघायला लागल्या.

ह्यांनी एका खोक्यातला उजवा काढला, दुसऱ्यातला डावा काढला आणि माझ्या पायांत चढवून नाड्या बांधल्या. मालक धावले. "अहो, हे काय करताय? उरलेली जोडी कोण घेणार?"

"मी घेतो," हे म्हणाले. त्या दुकानातून ह्यांनी घरासाठी आणलेली ती पहिली खरेदी. मला भर दुकानात रडू फुटलं.

दुकान टिकलं. अर्धी जागा मोबाइलवाल्याला दिली, अर्ध्यात आमचे हे. आता पाटीवर "कामकरी स्त्रियांचे बूट मिळतील" असंही लिहिलंय. उरलेली जोडी आमच्या पलंगाखाली आहे, डावा पाच आणि उजवा सहा. मध्यंतरी डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी सांगितलं, हाड वेडंवाकडं जुळलंय, आता पाय असाच राहायचा. हे माझ्या शेजारीच बसून ऐकत होते.

तरी दर रविवारी पलंगाखालून तो डावा पाच नंबर काढतात आणि पॉलिश करतात. "तुझी सूज उतरली की लागेल," म्हणतात. एरवी ह्यांचं एक वाक्य मी खाली पडू देत नाही, पण तेवढ्या वेळेपुरती गप्प बसते आणि ह्यांना पॉलिशची डबी काढून देते.