गुंजभर सोनं आणि एसीचं पाणी

मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवर. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे आणि बिघडलेल्या प्रती घरी आणायचे. भिंतीची माती झडू नये म्हणून त्या खळीने चिकटवल्या जात. आमच्या घराच्या चारही भिंती संप, बोनस आणि आठ तासांचा दिवस यांवर बोलत असत. चुलीच्या वरच्या पत्रकात लिहिलं होतं की जन्माने गळ्यात पडलेला धंदा टाकून द्या. त्याच्याखाली बसून आई भाकरी थापायची. तिला वाचता येत नव्हतं.

आई झारेकरीण. सराफकट्ट्यावरच्या सोनारांकडून दुकानातला केर, भट्टीची राख, मोरीतला गाळ विकत आणायचा, परातीत पाणी घालून धुवायचा आणि तळाशी राहिलेले सोन्याचे कण गोळा करायचे, हा आमच्या घराण्याचा धंदा. आयुष्यभर ती सोनं काढत आली आणि निघालं तसं सराफाच्या हातात देत आली. तिच्या गळ्यात नुसती काळी पोत होती. वाट्यासुद्धा पितळेच्या.

सत्तरचं दशक सरत आलं असताना मी पाइपफिटर म्हणून कतारला, दोह्याला आलो. शहरातल्या मुशैरिब भागात एका जुन्या घराच्या माडीवर आम्ही तिघं मराठी एका खोलीत राहायचो. मालवणकडचे एक ड्रायव्हर, त्यांना मी काका म्हणायचो, नांदेडकडचा एक वेल्डर आणि मी. खोलीत मी सर्वांत लहान आणि सर्वांत बोलका. ओव्हरटाइम बुडाला की इतर लोक नशिबाला बोल लावायचे आणि मी फोरमनला. काका म्हणायचे की ह्या पोराच्या पोटात छापखाना आहे.

माझ्या पहिल्या सुट्टीच्या आधी एक एजंट खोलीवर आला. चहा पिऊन झाल्यावर त्याने सांगितलं की सोन्याचं एक कडं बाहीखाली घालून मुंबईला उतरायचं, बाहेर माणूस उभा असेल, विमानाचं भाडं तो भरेल. असं नेणारे आसपास बरेच होते. त्यांची घरं चालत होती आणि त्यांना नावं ठेवायला मी बसलो नव्हतो. पण स्वतःसाठी मी नाही म्हटलं, आणि नुसतं नाही म्हणून थांबलो नाही. दुसऱ्याचं चोरटं सोनं वाहणारा मजूर मालकाचं गाढव कसा होतो यावर मी पुष्कळ बोललो. एजंट चहाचा कप ठेवून निघून गेला.

काका खाटेवर पडून ऐकत होते. ते म्हणाले, "मगे आवशीक काय नेतलंस? पत्रकां?"

वेल्डर इतका हसला की त्याला ठसका लागला. मला ते झोंबलं. सोनं न्यायचं माझ्या मनात होतंच, हे त्यांना माहीत नव्हतं. आईने हजार वेळा हातात धरलेली आणि एकदाही ठेवून न घेतलेली वस्तू मला तिला द्यायची होती. मी सांगून टाकलं की सोनंच नेईन, पण मी स्वतः मातीतून काढलेलं. आता खोलीसमोर बोललो म्हटल्यावर मागे फिरायची सोय राहिली नाही.

तेव्हापासून आमचे शुक्रवार बदलले. सुट्टीच्या दिवशी काकांना कंपनीची पिकअप वापरायची परवानगी होती. दुखान गावच्या रस्त्याला लागायचं, डांबर सोडून आत वळायचं आणि पावसाचं पाणी जिथे साचून गेलेलं असेल असा सखल भाग शोधायचा. माझ्याजवळ मेसमधली मोठी परात, एक लोहचुंबक आणि हातोडी. जड कण पाण्याने वाहून जात नाहीत, वळणावर तळाशी बसतात, एवढं घरात ऐकून ठाऊक होतं. पण परात मी स्वतः कधी धरली नव्हती. त्या पत्रकामुळे वडिलांनी मला आईच्या कामापासून लांबच ठेवलं होतं.

पहिल्याच फेरीला मी अशी चूक केली की ती नदीकाठच्या माणसानेच करावी. माती मिळाली, परात होती, पण धुवायला पाणीच नव्हतं. मी पिकअपमधला पिण्याच्या पाण्याचा कॅन उचलून परातीत रिकामा करायला लागलो. तिथे पाणी टँकरने यायचं, खोलीतलं पिंप संपलं तर पुढच्या टँकरची वाट बघत बसायचं. काका धावत आले आणि त्यांनी कॅन हिसकावून घेतला.

"मेल्या, पिवचा पाणी मातीत ओततंस?"

परतीच्या वाटेवर त्यांनी कॅन आपल्या पायाशी ठेवला, आणि ते बरोबर होतं.

पुढे आम्ही समुद्रकाठ धरला. खाऱ्या पाण्याला कुणाची हरकत नव्हती. परात हलवून हलवून माझे खांदे भरून यायचे. सुरुवातीला तर वाळूबरोबर सगळंच वाहून जायचं. हळूहळू हाताला कळू लागलं की परात किती तिरकी धरायची, पाणी किती सोडायचं. एका शुक्रवारी आतल्या भागात खडकाच्या कपारीत चकचकीत तुकडे सापडले. उन्हात असे पिवळे दिसत होते की वेल्डरने गाडीच्या टपावर चढून नाच केला. मी एक तुकडा दगडावर ठेवून हातोडी मारली. सोनं चपटं होतं, हे आमच्या घरातलं लहान पोरही सांगेल. हा तुकडा पिठासारखा भुगा झाला. पुढे कंपनीतल्या सर्व्हेच्या इंजिनिअरने सांगितलं की तो जिप्सम, आणि हा सगळा देश चुनखडीचा आहे, इथल्या जमिनीत सोनं नाही. त्याने हे अगदी प्रेमाने सांगितलं. त्यानंतर मेसमध्ये कुणी ताट पुढे केलं की वेल्डर म्हणायचा, आधी हातोडी मारून बघ.

मी आईला कॅसेट पाठवली. आमच्याकडे तेव्हा टपालाऐवजी कॅसेटच जायच्या. टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायचं, सुट्टीवर जाणाऱ्या माणसाबरोबर द्यायची, आणि त्याच फितीच्या दुसऱ्या बाजूवर घरचे बोलून परत पाठवायचे. तिचं उत्तर आम्ही तिघांनी मिळून ऐकलं. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"आरं, रानात कशाला हिंडतोस? तितं सोनार न्हाईत व्हय? जितं माणसाचा हात सोन्याला लागतुया, तितंच सोनं सांडतंया."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सोन्याच्या बाजारामागची कारागिरांची गल्ली माझ्या खोलीपासून चालत जाण्याइतकी जवळ होती, आणि मी तिकडे न जाता वाळवंटात चाललो होतो, कारण मातीतलं सोनं शोधणारा तो धाडसी आणि सोनाराचा केर धुणारा तो झारेकरी. चुलीवरचं पत्रक मला पाठ होतं. त्या आठवड्यात मी ते मनातल्या मनात पुन्हा वाचलं. त्यात धंदा गळ्यात बांधू देऊ नका असं होतं. तो हलका आहे असं त्यात कुठेच नव्हतं. ते मी आपल्या पदरचं वाचत आलो होतो. माझ्यावर कुणी काही बांधत नव्हतं. मी स्वतः निवडत होतो.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मी त्या गल्लीत गेलो, सगळ्यांच्या देखत. एक बंगाली कारागीर आपलं वर्कशॉप दुसऱ्या गल्लीत हलवत होता. पायपुसण्याचा काथ्या आणि फळ्यांखालचा केर तो फेकायच्या बेतात होता. मी त्याला हिंदीत सांगितलं की माझी आई हे काम करते, मी धुऊन देतो, निघेल त्यातलं अर्धं तुमचं. त्याने माझ्या हातांकडे बघितलं आणि विचारलं, "पहले किया है?"

"नहीं," मी म्हटलं. "सीख रहा हूँ।"

"यल्ला, ले जाओ," तो म्हणाला. यल्ला म्हणजे तिथल्या अरबीत चल.

काथ्यात अडकलेले कण सुटावेत म्हणून तो गच्चीवर पत्र्याच्या डब्यात जाळला. राख आणि केर चाळून घेतला. आणि पुन्हा तोच प्रश्न, पाणी. समुद्रापर्यंत राख न्यायची तर वाऱ्याने अर्धी उडेल. यावर तोड काढली ती काकांनी. दमट महिने होते आणि गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतला एसी भिंतीवर धार धरून गळत होता. त्यांनी रिकामे तेलाचे डबे आणून खिडक्यांखाली लावले, माझ्याकडून नळ्या जोडून घेतल्या, आणि शेजारच्या पठाणांना सांगून त्यांच्या खिडक्याही धरल्या. डबे भरले तेव्हा त्यांनी स्वतः पाणी गच्चीवर चढवलं.

"ह्या ओत," ते म्हणाले, "ह्या पिवचा न्हय."

मी चार शुक्रवार धूत होतो. चुंबक फिरवून कानशीचा लोखंडी कीस वेगळा केला. राख काळ्या लाटेसारखी परातीच्या कडेवरून जायची, आणि मग एका सकाळी तळाशी एक पिवळी रेघ थांबली. पाणी सरकलं, ती सरकली नाही. वेल्डर वाकून बघत होता. तो नाचला नाही. तो फक्त माझ्यावर सावली पडेल असा बाजूला उभा राहिला.

बंगाली कारागिराने ते तेजाबात साफ करून वितळवलं आणि दोन गोळ्या केल्या. माझ्या वाट्याची गोळी गुंजेएवढी. त्याने विचारलं की थोडं सोनं घालून अंगठी करून देऊ का, पैसे हप्त्याने दे. मी नको म्हटलं. त्यात दुसरं सोनं मिसळायचं नव्हतं.

मुंबईला कस्टमच्या रांगेत माझ्या पुढचा माणूस शर्टाची बाही पुन्हा पुन्हा खाली ओढत होता. अधिकाऱ्याने मला विचारलं, सोनं आहे का? मी म्हटलं, आहे. तो लगेच सावध झाला, आणि मी रुमालाची गाठ सोडली. ती गोळी बघून त्याने आधी माझ्याकडे, मग पुन्हा गोळीकडे बघितलं.

"कुठे घेतलं?"

"घेतलं नाही साहेब," मी म्हटलं, "धुतलं."

त्याने माझ्या बॅगेवर खडूची खूण केली आणि मला जाऊ दिलं. त्या दारातून मी जसा बाहेर पडलो, तसा ताठ मी पुन्हा क्वचितच चाललो असेन.

घरी आईने गोळी हातात घेतली आणि सरळ कोपऱ्यातल्या तिच्या छोट्या ऐरणीकडे गेली. मुलाने आणलं म्हणून तिने तपासायचं सोडलं नाही. हातोडी हलकीच मारली. गोळी चपटी झाली, टिकलीसारखी, कड न फाटता. तिने ती उजेडात धरली, बोटाने चाचपली.

"पाणी कसलं वापरलंस?"

मी एसीचं सांगितलं. मशीन हवेतून पाणी काढतं यावर तिचा विश्वास बसला नाही.

वडील चुलीशेजारी उभे होते, त्या पत्रकाखाली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि टिकलीला भोक पाडायला दाभण शोधून दिला.

आईने ती पितळी वाट्यांच्या मधोमध ओवली. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी सराफकट्ट्यावर केर आणायला गेली. सराफाने पोतीतली टिकली बघून हे किती दिवसांत निघालं म्हणून विचारलं आणि विकत घ्यायला सवयीने हात पुढे केला. तिने पोत पदराखाली घेतली आणि म्हणाली, "ह्ये इकायचं न्हाई. ह्ये माज्या लेकानं धुतलंया." मग समोरच्या दुकानालाही तेच सांगितलं. मी केराची पाटी डोक्यावर घेऊन तिच्या मागे उभा होतो, भर बाजारात.