तिसरं चर्च

नवरा गेल्यावर एक शिवणकाम करणारी बाई लेकीकडे राहायला आली आणि आपल्याला मानवेल असं चर्च शोधू लागली. पहिल्या चर्चमध्ये गिटार-ड्रमचा दणदणाट होता. दुसऱ्यात दारातच तिघींनी मिठ्या मारून फोन नंबर मागितला.

"ओळख ना पाळख, एवढा पुळका कशाला?" ती लेकीला म्हणाली.

"आई, तुला सगळ्यांचाच संशय."

तिसऱ्या चर्चमध्ये कोणी हसलंही नाही. तेही तिला खटकलं. गाणं सुरू झालं तेव्हा चष्मा घरीच राहिल्याचं तिच्या लक्षात आलं. शेजारची म्हातारी प्रत्येक ओळ आधी तिच्या कानात सांगायची, मग दोघी मिळून गायच्या. शेवटी म्हातारी नावही न विचारता निघून गेली.

"त्या म्हातारीच्या मनात काहीतरी असणार," घरी आल्यावर ती लेकीला म्हणाली. "पुढच्या रविवारी तिच्याच शेजारी बसून बघते."