नव्या माणसाचा संप

देशभर संप म्हटल्यावर मी आपल्याकडच्या बंदच्या सवयीने चार दिवसांचे बटाटे भरले, खिडक्या लावून घेतल्या. पॅरिसमध्ये येऊन दोनच महिने झाले होते. सकाळी काचेतून पाहतो तर शेजारच्या आजीबाई गळ्यात शिट्टी अडकवून, नातीचा हात धरून मोर्चाला निघालेल्या!

तेवढ्यात साहेबांचा निरोप आला, "सगळे संपावर आहेत. तुम्ही नवे, अजून कायमही नाही. तुम्ही तरी या."

नव्या माणसाच्या भित्रेपणावर जगाचा केवढा विश्वास असतो! आणि तो विश्वास मी आजवर इमानेइतबारे सांभाळत आलो. आज मात्र लिहून टाकलं, "मीही संपावर आहे."

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "अहो, गेली नोकरी तर बघू. बूट घाला, मीही येते."